तयार गेमिंग डेस्कटॉप घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जुळवावा?

अर्धविराम :

नमस्कार. गेली काही वर्षे मी लॅपटॉपवरच गेम खेळत आलो आहे. नवा गेम सुरू केला की तो थोड्याच वेळात तापतो आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) इतक्या घसरतात की खेळण्यात काही राम राहत नाही, म्हणून आता डेस्कटॉप घ्यायचे नक्की केले आहे. १४४० पी रिझोल्यूशनचा, १६५ हर्ट्झचा मॉनिटर माझ्याकडे आधीपासून आहे. कीबोर्ड, माउस वगैरेही आहेत. प्रश्न फक्त मुख्य संगणकाचा आहे.

एका बाजूला एक तयार गेमिंग डेस्कटॉप आहे. त्याच्या वर्णनात रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबी एसएसडी आणि ५०० वॉटचा पॉवर सप्लाय एवढीच माहिती दिली आहे. दुसऱ्या बाजूला तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड धरून मी सुट्या भागांची यादी केली, तेव्हा बेरीज थोडी कमी आली. पण ‘स्वतः जुळवला तर निम्म्यात होतो’ असे जे सर्रास ऐकायला मिळते, तसे काही दिसले नाही. संगणक उघडण्याचा माझा अनुभव लॅपटॉपची रॅम बदलण्यापुरताच आहे.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे. एवढ्याशा फरकासाठी स्वतः जुळवण्याचा खटाटोप करावा का? जुळवल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर माझ्यासारख्याने काय करायचे? आणि तीन-चार वर्षांनी फक्त ग्राफिक्स कार्ड बदलायचे म्हटले, तर तयार डेस्कटॉपमध्ये ते जमते का?

सोल्डरवाला :

मी संगणक दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे डेस्कटॉप माझ्यासमोर उघड्या अवस्थेतच येतात. आपण दिलेले वर्णन वाचून पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की ग्राहक ज्यांच्याकडे पाहून खरेदी ठरवतो ती प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची नावे ठळक दिली आहेत आणि जिथे काटकसर करता येते त्या सगळ्या जागा मोघम ठेवल्या आहेत. मदरबोर्ड कोणता, रॅमच्या स्टिक किती, पॉवर सप्लाय कोणाचा, कूलर कोणता, यांपैकी एकाचेही उत्तर त्यात नाही. तयार डेस्कटॉप वाईटच असतो असे मी म्हणणार नाही; उत्तम भाग घातलेले, वायरी नेटक्या बांधलेले तयार डेस्कटॉपही मी पाहिले आहेत. मात्र ते विकणारे भागांची नावे सांगायला कचरत नाहीत.

ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करू. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड २०२५ साली ८ जीबी आणि १६ जीबी मेमरी अशा दोन प्रकारांत आले आणि दोन्हींचे नाव एकच आहे. आपल्या वर्णनात आकडा दिलेला नाही, तेव्हा ते ८ जीबीचे आहे असेच धरून चाला. १४४० पी वर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) वरच्या दर्जाला ठेवले की काही नव्या गेमना ८ जीबी पुरत नाही. मग उरलेली माहिती संगणकाच्या रॅममधून आणावी लागते, आणि हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्डाला बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाच्या, १६ ऐवजी ८ लेनच वापरत असल्याने ती वाटही अरुंद असते. अशा वेळी फ्रेमची सरासरी ठीक दिसते, पण झटकन वळताना किंवा नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर अडखळते. काही गेम तर काही न सांगता टेक्श्चर धूसर करून वेळ मारून नेतात.

रॅमच्या बाबतीत १६ जीबी म्हणजे ८-८ च्या दोन स्टिक की १६ ची एकच, हे विचारून घ्या. डीडीआर५-५२०० ची एक स्टिक कागदोपत्री सेकंदाला ४१.६ जीबी माहिती वाहून नेते, दोन चॅनलमध्ये (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांत) दोन लावल्या तर ही मर्यादा ८३.२ जीबीवर जाते. ग्राफिक्स कार्डावरच सगळा भार असेल तेव्हा हा फरक झाकला जातो, पण प्रोसेसरला कामाला लावणाऱ्या गेममध्ये, विशेषतः सर्वांत कमी फ्रेमच्या आकड्यात, एका स्टिकचा फटका दिसतो. जोडणाऱ्याला एक स्टिक लावणे सोपे आणि स्वस्त पडते, म्हणून हा प्रकार जागोजागी आढळतो.

पॉवर सप्लायच्या वॉटचा आकडा वाचून समाधान मानू नये. त्यावरची ‘८० प्लस’ची खूण फक्त कार्यक्षमता सांगते. ११५ व्होल्टवर, निम्म्या भाराला, ब्राँझसाठी ८५ टक्के आणि गोल्डसाठी ९० टक्के वीज आतल्या भागांपर्यंत पोहोचली पाहिजे, इतकाच तिचा अर्थ आहे. आतले कपॅसिटर कसे आहेत, जास्त विद्युतप्रवाह ओढला गेला तर संरक्षण वेळेवर काम करते का, याबद्दल ती खूण काहीही सांगत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे प्रमाण आणले, त्यामुळे मदरबोर्डच्या स्क्रूंच्या जागा, पॉवर सप्लायचा आकार आणि वायरींची टोके ठरलेली आहेत. आज एका उत्पादकाचा बोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये विनातक्रार बसतो तो त्यामुळेच. काही मोठ्या कंपन्या मात्र आपल्या तयार डेस्कटॉपमध्ये वेगळ्याच आकाराचा बोर्ड, स्वतःच्याच घाटाचा पॉवर सप्लाय आणि चालू-बंद बटणासाठीही वेगळी जोडणी वापरतात. माझ्याकडे असाच एक डेस्कटॉप आला होता. वॉरंटी नुकतीच संपलेली, पॉवर सप्लाय गेलेला, बाकी सगळे धडधाकट. बाजारातला साधा एटीएक्स पॉवर सप्लाय लावायला गेलो तर बोर्डावर नेहमीचे २४ पिनांचे सॉकेटच नव्हते, आणि कंपनीकडे त्या मॉडेलचा सुटा भाग शिल्लक नव्हता. शेवटी प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड काढून घेतले, आणि बोर्ड, पॉवर सप्लाय व कॅबिनेट या तिन्ही वस्तू नव्या आणाव्या लागल्या. म्हणून विक्रेत्याला मदरबोर्डचे मॉडेल विचारा. तो एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स असेल आणि सुट्या बाजारातही मिळत असेल, तर पुढे कार्ड बदलण्यात अडचण येण्याचे कारण नाही.

दुपारचीपाळी :

वरच्या प्रतिसादातली माहिती अचूक आहे, पण ती वाचून कोणालाही वाटेल की तयार डेस्कटॉप घेणे म्हणजे फसवणूक ओढवून घेणे. दुरुस्तीच्या टेबलावर बिघडलेलेच संगणक येतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

अर्धविराम यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. समजा संगणक जुळवला, बटण दाबले, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. दोष रॅमचा, बोर्डाचा, प्रोसेसरचा, कार्डाचा की पॉवर सप्लायचा, हे ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एकेक भाग काढून त्या जागी चालू स्थितीतला दुसरा लावून पाहणे. असे जादा भाग ज्याच्याकडे नाहीत, त्याने काय करावे? सुट्या भागांच्या वॉरंटी लांबलचक असतात हे खरे आहे. चांगल्या पॉवर सप्लायला १० वर्षांपर्यंतही मिळते. पण कोणता भाग सदोष आहे हे सिद्ध करून तो योग्य त्या दारात नेण्याची जबाबदारी आपली असते. तयार डेस्कटॉपची वॉरंटी बहुधा कमी मुदतीची असते, तरी ‘चालत नाही, बघा’ एवढे सांगून आख्खा संगणक एकाच ठिकाणी सोपवता येतो. ज्याला नोकरी सांभाळून रात्री तासभर खेळायचे आहे त्याच्यासाठी याला किंमत आहे, आणि ती किंमत दोन्ही पर्यायांतल्या त्या थोड्याशा फरकापेक्षा जास्त असू शकते.

दुसरे असे की, सुटे भाग नेहमीच स्वस्त पडतात हा समज जुना झाला. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची टंचाई होती तेव्हा सुटे कार्ड छापील किमतीला मिळणे मुश्कील होते आणि त्याच कार्डासाठी लोक आख्खा तयार डेस्कटॉप विकत घेत होते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती अशाच भडकल्या, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल मोठ्या प्रमाणावर एआयच्या डेटा सेंटरकडे वळू लागला. ज्या जोडणाऱ्याकडे जुन्या भावाचा साठा आहे, त्याचा तयार डेस्कटॉप अशा काळात सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा खाली येऊ शकतो. म्हणून हिशेब खरेदीच्या आठवड्यातच करावा. मागच्या वर्षीच्या व्हिडिओतले आकडे उपयोगाचे नाहीत.

आणि एक बारीक चौकशी : आपल्या यादीत विंडोजचा परवाना धरला आहे का? तयार डेस्कटॉपमध्ये तो बहुधा असतो, फक्त तो त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. स्वतः जुळवणारे पुष्कळ लोक बेरीज करताना तो सोयीस्करपणे विसरतात.

स्क्रूसंच :

जुळवण्याबद्दल भीती आहे तेवढे ते अवघड नाही, आणि ते प्रत्यक्षात कसे असते हे अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

बहुतेक जोडण्या अशा घडवलेल्या असतात की त्या चुकीच्या बाजूने बसतच नाहीत. खरोखर जपायची जागा एकच, प्रोसेसरचे सॉकेट. एएमडीच्या या रायझनसाठीच्या एएम५ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. दाबायचे काम वरची धातूची चौकट करते. ती बंद करताना करकर असा आवाज होतो आणि नवख्या माणसाच्या काळजात धस्स होते, पण तो आवाज नेहमीचाच आहे.

सगळे कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक आणि पॉवर सप्लाय एवढ्यावर सुरू करून पाहावा. रायझन ५ ७६०० मध्ये स्वतःचे छोटे ग्राफिक्स असल्यामुळे कार्ड न लावताही बोर्डातून पडद्यावर चित्र येते. दुपारचीपाळी यांनी मांडलेली अडचण यामुळे पुष्कळच कमी होते, कारण संशयित भागांची संख्याच घटते. शिवाय आजच्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. गाडी जिथे अडली तो दिवा पेटलेला राहतो. बोर्ड घेताना हे दिवे आणि प्रोसेसरशिवाय बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) बदलण्याचे बटण, या दोन सोयी आहेत का ते जरूर पाहावे.

पहिल्यांदा सुरू करताना डीडीआर५ रॅम स्वतःची जुळणी करून घेते आणि त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. नेमक्या याच वेळी घाबरून लोक वीज बंद करतात आणि जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तेवढा धीर धरावा. बाकी नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी म्हणजे कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लास्टिकची पातळ पट्टी, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनांची वायर, आणि चार खाचांच्या बोर्डावर रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत घालणे. सगळ्यात वैताग आणते ती मात्र समोरच्या बटणांची आणि दिव्यांची एकेरी वायर. तिथे बोर्डाचे माहितीपत्रक उघडून चांगला टॉर्च घेऊन बसण्याला पर्याय नाही.

प्रोसेसर निवडताना सॉकेटचे आयुष्यही पाहावे. २०१७ च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक एएम४ (एएम५ च्या आधीचे सॉकेट) बोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. एएम५ बाबत एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपर्यंत चालले आणि २०२४ मध्ये डेस्कटॉपसाठी नवे सॉकेट आले. अर्थात तयार डेस्कटॉपमध्येही एएम५ असू शकते, पण त्या बोर्डासाठी नवा बायोस मिळत राहील की नाही, हे तो कोणी बनवला आहे यावर ठरते.

आणि या दोन टोकांच्या मधला मार्गही आहेच. भाग आपण निवडायचे, आणि जोडणी थोडे शुल्क घेऊन विक्रेत्याकडून करून घ्यायची. संगणक सुरू करून दाखवण्याची जबाबदारी मग त्याची राहते.

शांतपंखा :

आवाजाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून एवढेच लिहितो. तयार डेस्कटॉपची समोरची बाजू अखंड काचेची असेल आणि हवा आत घ्यायला फक्त कडेच्या फटी असतील, तर पंख्यांना जास्त वेगाने फिरावे लागते. लॅपटॉपच्या तापण्याला कंटाळून डेस्कटॉप घेणाऱ्याने समोर जाळी असलेलेच कॅबिनेट घ्यावे. रंगीत दिवे नंतरही लावता येतात.

अर्धविराम :

सर्वांचे मनापासून आभार. विंडोजचा परवाना मी धरला नव्हता. तो धरल्यावर दोन्ही पर्यायांतला फरक जवळपास नाहीसा झाला.

तयार डेस्कटॉपच्या विक्रेत्याला वरचे सगळे प्रश्न लिहून पाठवले होते. त्याचे उत्तर असे : मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, मायक्रो-एटीएक्स, सुट्या बाजारात मिळणारा. रॅम १६ जीबीची एकच स्टिक, दुसरी खाच मोकळी. कार्ड ८ जीबीचे. पॉवर सप्लाय एटीएक्स आकाराचा, ८० प्लस ब्राँझ. उत्पादकाचे नाव ‘साठ्याप्रमाणे बदलते’ असे मोघम सांगितले. कॅबिनेटच्या समोर जाळी आहे. बाजूच्या झाकणावर वॉरंटीचा स्टिकर आहे, त्याबद्दल मात्र काही लिहिले नाही. आता यातले काय चालवून घ्यावे आणि काय घेऊ नये?

सोल्डरवाला :

बोर्ड प्रमाणित आकाराचा आहे ही चांगली बातमी आहे, कारण त्यामुळे बाकीच्या उणिवा भरून काढता येतात. त्या सारख्याच वजनाच्या मात्र नाहीत.

रॅमची उणीव सर्वांत हलकी आहे. तशीच दुसरी स्टिक मोकळ्या खाचेत घातली की ३२ जीबी होते आणि दोन्ही चॅनलही भरतात. फक्त रॅमचे सध्याचे भाव पाहता तो खर्च आजच बेरजेत धरावा. कार्डाची उणीव सर्वांत जड आहे. त्यावरची मेमरी सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. त्यातही बी६५० बोर्डावर कार्डाची खाच पीसीआय एक्स्प्रेस ४.० ची असते आणि हे कार्ड ५.० साठी बनवलेले आहे, म्हणजे ८ लेनची ती अरुंद वाट आणखी निम्म्याने आकसते. १६ जीबीच्या कार्डाला याची झळ कमी लागते, कारण त्याला रॅमकडे धाव घ्यावीच लागत नाही. आपला मॉनिटर १४४० पी आहे, तेव्हा किमतीतला फरक घेऊन १६ जीबीचे कार्ड घालून द्या, असे विक्रेत्याला सांगा. तो नाही म्हणाला तर हा डेस्कटॉप सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉवर सप्लाय मधल्या वजनाचा. हे कार्ड सुमारे १८० वॉट घेते आणि आपला प्रोसेसरही कमी वीज खाणारा आहे, त्यामुळे ५०० वॉट चांगल्या दर्जाचे असतील तर आज पुरतील. उद्या आरटीएक्स ५०७० टीआयच्या तोडीचे, ३०० वॉट घेणारे कार्ड घातले तर ७५० वॉटचा पॉवर सप्लाय लागेल. मात्र ‘साठ्याप्रमाणे बदलते’ हे उत्तर मला मान्य नाही. ज्या डब्यात कोणता पॉवर सप्लाय आहे हे विकणाऱ्यालाच सांगता येत नाही, त्याची हमी तो कशाच्या जोरावर देतो?

दुपारचीपाळी :

या मुद्द्यावर मी सोल्डरवाला यांच्याशी सहमत आहे. स्टिकरबद्दलही लेखी विचारा : रॅम वाढवण्यासाठी किंवा धूळ काढण्यासाठी झाकण उघडले तर वॉरंटी कायम राहते का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आधी केलेली माझी सगळी वकिली मागे पडते, कारण दुसरी स्टिक तर आपल्याला लगेचच घालायची आहे.

अर्धविराम :

विक्रेत्याने १६ जीबीचे कार्ड घालून द्यायची तयारी दाखवली आहे, पॉवर सप्लायचे मॉडेल लिहून दिले आहे आणि झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही असेही कळवले आहे. फरकाची रक्कम धरून तो माझ्या यादीच्या थोडा वर जातो, पण निदान पहिला डेस्कटॉप तरी तयार घ्यावा याकडे माझा कल झुकला आहे. घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय तपासावे?

स्क्रूसंच :

वीज जोडण्याआधी बाजूचे झाकण काढा. वाहतुकीत जड कार्ड हलू नये म्हणून आत फोम किंवा हवेची पिशवी भरलेली असू शकते. ती तशीच ठेवून संगणक सुरू केला तर पंखे अडकतात आणि हवा कोंडते. कार्ड खाचेत पूर्ण बसलेले आहे का, त्याची वीजजोडणी शेवटपर्यंत आत गेली आहे का, हे बोटाने हलकेच दाबून पाहा. आत शिरलातच आहात तर कार्डावरचे आणि पॉवर सप्लायवरचे लेबल यांचे फोटो काढून ते विक्रेत्याने लिहून दिलेल्या नावांशी ताडून घ्या.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा. आपल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असल्यामुळे चुकून बोर्डाला लावली तरी चित्र येईल, सगळे ठीक वाटेल आणि गेम मात्र गोगलगायीच्या गतीने चालेल. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर राहिलेला असू शकतो, तो १६५ करा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पाहा. स्टिकवर लिहिलेल्या वेगापेक्षा तो कमी दिसला तर बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेले नाही असे समजा. दुसरी स्टिक घालणार असाल, तर एक्स्पोचे काम ती घातल्यानंतरच करा.

त्यानंतर एखादा जड गेम तास-दोन तास सलग चालवून प्रोसेसर आणि कार्ड यांचे तापमान पाहा. संगणक मध्येच बंद पडला, पडद्यावर ठिपके उमटले किंवा पंख्यातून खरखर आली, तर सेटिंगशी झटापट करत बसू नका. परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि खोके तोपर्यंत टाकून देऊ नका.